कॉम्प्युटर घरघरतोय? आधी पंखा पाहा

मळणी यंत्राचे बेअरिंग वाजू लागले की आपण यंत्र तिथल्या तिथे थांबवतो. मोटारीचा आवाज जरा बदलला तरी रात्रीचे उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जातो. यंत्र बिघडायच्या आधी बोलते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र दूध डेअरीच्या टेबलाखाली ठेवलेला कॉम्प्युटर सहा-सहा महिने घरघर करीत असतो आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. "जुना झालाय, आवाज करायचाच," असे म्हणून विषय संपतो.

पण आज गावाचा किती कारभार त्या डब्यावर आहे याचा जरा विचार करा. डेअरीत दुधाचे वजन, फॅट आणि एसएनएफ थेट कॉम्प्युटरमध्ये जातात आणि त्यावरून दहा दिवसांचे बिल निघते. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला. तो काढायला लोक सेवा केंद्रात येतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. पीक विम्याचा अर्ज असो की कर्जाचा हिशेब, शेवटच्या दिवशी रांग लागलेली असते आणि नेमका त्याच दिवशी कॉम्प्युटर बंद पडतो. तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाला येईपर्यंत दोन दिवस जातात.

माझ्या कामाच्या पट्ट्यातल्या एका दूध संस्थेत असेच चालले होते. सेक्रेटरी आबा मला म्हणाले, "साहेब, आमच्याकडे लाइट जात नाही, पण कॉम्प्युटर जातोय." सकाळचे संकलन निम्म्यावर आले की तो बंद व्हायचा. परत चालू केला की पाच-दहा मिनिटे चालायचा, की पुन्हा बंद. संस्थेने नवा कॉम्प्युटर घ्यायचा ठराव करायचे ठरवले होते. डबा उघडून पाहिला, तर आत सुग्रासच्या भुकटीचा आणि धुळीचा गादीसारखा थर. प्रोसेसरवरचा पंखा त्या थराखाली कसाबसा फिरत होता. तो थर काढला आणि मागचा एक पंखा बदलला. ठरावाची गरज राहिली नाही.

पंखा करतो काय?

ज्याला आपण सगळे "सीपीयू" म्हणतो तो डबा म्हणजे खरे तर कॅबिनेट. सीपीयू किंवा प्रोसेसर ही त्याच्या आतली काडेपेटीपेक्षाही लहान चौकोनी चकती. ती काम करताना फार तापते. तिची उष्णता ओढून घ्यायला तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्या ठोकळ्यावर पंखा. ट्रॅक्टरवाल्यांना हे लगेच कळेल, कारण हा हुबेहूब रेडिएटर आणि त्याचा पंखा आहे. मळणीच्या दिवसांत रेडिएटरची जाळी भुसकटाने बुजली की ट्रॅक्टर गरम होतो. इथेही तेच होते. हवा मिळेना झाली की प्रोसेसर तापतो आणि मदरबोर्ड पंख्याला जास्त जोरात पळवतो. आपल्याला ऐकू येणारी घरघर बऱ्याचदा हीच असते. त्यानेही भागले नाही तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, कॉम्प्युटर हळू होतो. शेवटी जीव वाचवायला तो सगळेच बंद करतो. बहुतेक इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतच ४० अंश असतील, तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

कॅबिनेटमध्ये साधारण तीन ठिकाणी पंखे असतात. एक प्रोसेसरवर. एक मागच्या बाजूला, आणि काही कॅबिनेटला समोरही, हवा खेळती ठेवायला. तिसरा एसएमपीएसमध्ये, म्हणजे जिथे विजेची वायर लागते त्या लोखंडी पेटीत. ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे त्यांना चौथा.

आवाजावरून दुखणे ओळखा

लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. आधी कान द्या. आपण मोटारीचे बेअरिंग तपासताना स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावतो ना, तशी इथे वहीचा कागद गुंडाळून नळी करावी आणि तिचे एक टोक कानाला लावून दुसरे कॅबिनेटच्या मागे, बाजूला, वर फिरवावे. कोणता पंखा बोलतोय ते बऱ्यापैकी कळते.

नुसता सूं-सूं असा वाऱ्याचा मोठा आवाज असेल तर पंखा चांगला आहे, त्याला फार पळावे लागते आहे. कारण धूळ. टक-टक-टक असा एकसारखा आवाज असेल तर एखादी वायर पात्याला घासत असते. हे सर्वात सोपे दुखणे, वायर बाजूला बांधली की झाले. कॅबिनेटवर हात दाबून धरला की आवाज थांबत असेल तर पंख्याचा किंवा झाकणाचा स्क्रू ढिला आहे. आणि घर्रर्र, किर्रर्र असा दळण दळल्यासारखा आवाज असेल तर पंख्याचा बुश गेला. थंडीच्या दिवसांत सकाळी चालू करताना हा आवाज येतो आणि अर्ध्या तासाने गप्प होतो, याचा अर्थ बुशमधले तेल वाळत आले आहे. तो आज गप्प झाला तरी महिन्या-दोन महिन्यांत कायमचा ओरडू लागणार, हे धरून चाला.

एक आवाज मात्र पंख्याचा नसतो. थांबून-थांबून कट्, कट् असा येतो, कॉम्प्युटर अडकतो, फाइल उघडायला वेळ लागतो. ही हार्ड डिस्क आहे. तिथे सफाई, तेल काही चालत नाही. सभासदांच्या खात्यांचा हिशेब त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मगच दुरुस्तीवाल्याला फोन करा.

उघडण्याआधी

कॉम्प्युटर वॉरंटीत असेल किंवा शासनाच्या योजनेतून आला असून त्याचा देखभालीचा करार असेल, तर आधी त्यांना कळवावे. कॅबिनेटवर सील असल्यास ते फोडू नये. बाकीच्यांनी पुढे वाचावे.

कॉम्प्युटर रीतसर बंद करा. यूपीएस बंद करा. मागची विजेची वायर उपसून बाजूला ठेवा. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. मग चालू करायचे बटन पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेसुरले चार्ज निघून जाईल. बाकीच्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. फॅट मशीनची आणि वजनकाट्याची वायर कुठे होती यावरून नंतर हमखास गोंधळ होतो.

डबा ओसरीत किंवा झाडाखाली कोरड्या टेबलावर न्या. समोरून पाहिले तर डाव्या हाताचे झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असते. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा. कोरड्या हवेत, विशेषतः टेरिकॉटचे कपडे अंगावर असताना, अंगात स्थिर वीज साचते. ती आपल्याला जाणवतही नाही, पण चिप जळायला पुरेशी असते.

आत काय काय निघेल सांगता येत नाही. झुरळे तर नेहमीची. मागच्या खाचांचे पत्रे पडलेले असले तर उंदीर आत घर करतात आणि वायरी कुरतडतात. तशा कुरतडलेल्या वायरी दिसल्या तर पुढे काही न करता जाणकाराला दाखवा.

धूळ काढण्याची रीत

रंगकामाचा एक इंची नवा, कोरडा ब्रश आणि हाताचा फुगा किंवा छोटा ब्लोअर एवढ्यावर काम भागते. ओला फडका नको. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर मुळीच नको. त्याचा दाब फार असतो आणि टाकीत साठलेले पाणी हवेबरोबर फवारले जाते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मुलांना तो भिरभिर फिरवायला मजा वाटते, पण हवेने पंखा नेहमीपेक्षा किती तरी जोरात फिरतो आणि आधीच झिजलेला बुश पार जातो. शिवाय उलटी वीज तयार होऊन मदरबोर्डकडे जाते.

हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ सर्वात महत्त्वाची आणि सर्वात चिवट. वरून पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून लोक फसतात. पंख्याच्या पात्यांमधून खाली पाहिले की नमद्यासारखा थर दिसतो. बऱ्याच हीटसिंकवर पंखा चार बारीक स्क्रूंनी किंवा खिट्ट्यांनी बसवलेला असतो; तो तेवढा सुटत असेल तर खालचा ठोकळा न हलवता पंखा वर काढावा आणि थर ब्रशने उकरावा. सुटत नसेल तर ओढाताण करू नका, वरूनच ब्रश आणि फुगा वापरून जमेल तेवढे काढा. त्यानेही खूप फरक पडतो.

सफाई झाल्यावर प्रत्येक पंखा बोटाने हलकेच फिरवून पाहा. चांगला पंखा दोन-चार फेरे घेऊन हळूहळू थांबतो. थांबताना थोडे गचके बसले तर ते आतल्या चुंबकाचे, त्यात बिघड नाही. पण पंखा लगेच अडला, किंवा मधला भाग धरून हलवल्यावर डुगडुगला, तर बुश झिजला आहे. तरीही खात्री होत नसेल तर कॅबिनेटचा मागचा पंखा मदरबोर्डवरून सोडा, आणि दोन-तीन मिनिटे कॉम्प्युटर चालू करून ऐका. आवाज गेला तर चोर सापडला. हा प्रयोग प्रोसेसरवरच्या पंख्यावर मात्र करू नये.

तेल टाकावे का?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. घरच्या पंख्याला, शिलाई मशीनला तेल टाकायची आपल्याला सवय असते. उत्तर असे आहे की बुशच्या पंख्याला तेल टाकता येते, पण ते मलमपट्टीसारखे आहे. नवा पंखा येईपर्यंत काम चालते.

पंखा काढून त्याच्या मधल्या गोल स्टिकरची कड नखाने उचला. खाली रबराचे छोटे बूच असते, काहींना नसते. ते काढले की दांड्याचे टोक दिसते. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन. पंखा हाताने फिरवून तेल मुरू द्या, बाहेर आलेले तेल पुसून घ्या, बूच लावा आणि स्टिकर दाबून चिकटवा. तेल लागल्यामुळे तो चिकटत नसेल तर टेपचा तुकडा लावा. खोबरेल तेल वापरू नका. ते थंडीत थिजते आणि पुढे चिकट होऊन बसते. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो असलेले तेल धुऊन काढतो, स्वतः उडून जातो आणि आठवड्यात आवाज परत. ट्रॅक्टरचे ग्रीस तर इतके घट्ट की पंखा सुरूच होणार नाही. काही पंख्यांना स्टिकरखाली छिद्रच नसते, ते सीलबंद असतात. तिथे सुई-टाचणीने भोक पाडायचा उद्योग करू नये.

नवा पंखा आणताना

जुना पंखा काढून सोबत न्यावा, हे सगळ्यात सोपे. ते जमत नसेल तर माप घ्या. कॅबिनेटचे पंखे बहुतेक ८०, ९२ किंवा १२० मिलिमीटरचे असतात, आणि हे माप चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे. स्क्रूच्या भोकांमधले अंतर मोजले तर ८० च्या पंख्याला साडेएकाहत्तर, ९२ ला साडेब्याऐंशी आणि १२० ला १०५ मिलिमीटर येते. पुष्कळ जण भोकांमधले अंतर मोजून दुकानात "एकशेपाचचा पंखा द्या" म्हणतात आणि दुकानदार डोके खाजवतो.

बुशचा पंखा स्वस्त, बॉल बेअरिंगचा थोडा महाग. बुशचा पंखा उभा बसवलेला असेल तर बरा टिकतो. आडवा बसवला आणि वर जास्त उष्णता असली तर लवकर झिजतो. जिथे कॉम्प्युटर सकाळ-संध्याकाळ आणि मध्ये दिवसभर चालतो, तिथे बॉल बेअरिंगचा किंवा फ्लुइड बेअरिंगचाच घ्यावा असे माझे मत आहे. फरक काही रुपयांचा असतो आणि तालुक्याची एक खेप वाचली तरी तो भरून निघतो.

जोडणीचा खटका तीन भोकांचा असतो किंवा चार. चौथी तार मदरबोर्डने वेग कमी-जास्त करण्यासाठी असते. तीन भोकांचा खटका चार काड्यांच्या जागी बसतो, फक्त काही मदरबोर्डवर पंखा मग कायम पूर्ण वेगाने फिरतो. खटक्याला एका बाजूला खाच असते, ती जुळवली की तो सहज बसतो. जोर लावावा लागला तर समजा की उलटा बसवताय. काही जुने कॅबिनेट पंखे थेट एसएमपीएसच्या मोठ्या चार तारांच्या खटक्यावर असतात, म्हणून काढण्याआधी जोडणीचा फोटो घ्या. हे सगळे पंखे बारा व्होल्टवर चालतात.

बसवताना दिशेची चूक फार होते. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि मधला स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो. समोरच्या पंख्याने हवा आत घ्यायची, मागच्याने बाहेर टाकायची. मागचा पंखा उलटा बसला तर दोन्ही पंखे आत हवा ढोसतात आणि कोंडमारा होतो; आवाज गेला तरी तापणे वाढते. चालू केल्यावर मागे बिडीच्या कागदासारखा पातळ कागद धरा, तो बाहेर ढकलला गेला पाहिजे. पंख्याचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. ते चारही आधी अर्धे बसवा, मग कोपऱ्याला कोपरा धरून घट्ट करा. फार पिळू नका, चौकट तडकते.

प्रोसेसरचा पंखा: जरा जपून

प्रोसेसरवरचा पंखा हीटसिंकपासून सुटत नसेल तर सगळा ठोकळाच काढावा लागतो. पहिल्यांदाच डबा उघडणाऱ्याने हे काम एकट्याने करू नये, शेजारी कोणीतरी जाणकार असावा. कारण ठोकळा उचलला की खालचा थर्मल पेस्टचा पातळ लेप मोडतो आणि तो नव्याने लावावाच लागतो. जुना लेप मऊ कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवायची. पसरवत बसू नका, ठोकळा दाबला की ती आपोआप पसरते. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा असे नाही.

इंटेलच्या साध्या पंख्याला चार काळ्या खिट्ट्या असतात. त्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढल्या की सुटतात. बसवताना त्या परत मूळ जागी फिरवून, आधी समोरासमोरच्या तिरक्या दोन दाबा, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा कट् असा आवाज आलाच पाहिजे. एक जरी अर्धवट बसली तरी ठोकळा एका अंगाने उचललेला राहतो आणि प्रोसेसर तापतो. एएमडीच्या काही प्रोसेसरना खाली बारीक पिना असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे ठोकळ्याबरोबर प्रोसेसरच उपटून येतो. म्हणून तिथे कॉम्प्युटर आधी थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करावी, बंद करून वायर काढावी आणि ठोकळा सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळून मोकळा करावा.

पंख्याचा खटका मदरबोर्डवर "सीपीयू फॅन" लिहिलेल्या जागीच परत लावा. तिथे तो नसेल तर कॉम्प्युटर सुरू होताना पंख्याची चूक दाखवतो आणि पुढे जात नाही. लोकांना वाटते नवा पंखाच खराब निघाला.

सगळे झाल्यावर चालू करताना डिलीट किंवा एफ-टू हे बटन दाबत राहा; बायोसचा पडदा येतो. तिथे प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे मिनिटाला फेरे दिसतात. दहा मिनिटे तसेच ठेवून पाहा. काही काम नसताना तापमान सत्तर-ऐंशीच्या वर चढत असेल तर ठोकळा नीट बसलेला नाही. लगेच बंद करून पुन्हा पाहा.

एसएमपीएसला हात नको

आवाज एसएमपीएसच्या पेटीतून येत असेल, तर बाहेरून जाळीवरची धूळ ब्रशने काढा आणि तिथेच थांबा. ती पेटी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही तीनशे व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. स्टार्टरच्या पेटीत हात घालणारे आपले धाडसी बंधू इथेही हात घालतात, म्हणून मुद्दाम सांगतो. एसएमपीएस पूर्णच बदलून घ्यावा, तोही नावाजलेल्या कंपनीचा आणि बिलासह.

लॅपटॉपचा पंखा हे वेगळे प्रकरण आहे. त्याचे झाकण, बॅटरी, पट्टीसारख्या नाजूक वायरी यांत नवख्याने पडू नये. बाहेरच्या जाळ्या साफ करा आणि लॅपटॉप गादीवर, मांडीवर न ठेवता फळीवर ठेवा.

जागा बदला

पंखा नवा बसवला आणि कॅबिनेट पुन्हा पेंडीच्या पोत्यांशेजारी जमिनीवर ठेवले, तर चार महिन्यांत तेच होणार. डेअरीत फरशी रोज धुतात, त्याचे शिंतोडे आणि ओल खालच्या डब्याला लागते. कॅबिनेट जमिनीपासून हात-दीड हात उंच फळीवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवावे. चालू असताना त्यावर कापड किंवा प्लॅस्टिक झाकू नये. झाकण रात्री, बंद केल्यावर, थंड झाल्यानंतर. मागच्या उघड्या खाचांना पत्रे बसवावेत, ते दुकानात मिळतात. सकाळी देवाच्या फोटोसमोर उदबत्ती लावायची असेल तर जरूर लावा, पण कॉम्प्युटरच्या तोंडाशी नको. तिचा धूर चिकट असतो आणि धूळ त्याच्यावर बसली की ब्रशनेही निघत नाही.

सफाई वर्षातून दोनदा करावी, एकदा सुगी आटोपल्यावर आणि एकदा पाऊस लागण्यापूर्वी. पेंड-भुसा त्याच खोलीत असेल तर दर तीन महिन्यांनी. सफाईची तारीख कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, पंखा बदलला असेल तर त्याचे मापही लिहा.